इंजिन ऑइलची बारीक गळती: घरी काय जमतं, कुठे थांबायचं

गाडीच्या इंजिनातून ऑइल गळायला लागलं की पहिला सल्ला ठरलेला असतो, 'बोल्ट जरा टाइट करून घ्या.' दुसरा सल्ला सिलिकॉनचा. दोन्ही सल्ले कधीकधी बरोबर ठरतात आणि पुष्कळदा काम वाढवतात. गळणारं ऑइल त्या जागी दाबाखाली आहे की नुसतं उतारावरून ओघळतंय, हे कोणी आधी विचारत नाही. दुरुस्ती टिकणार की पंधरा दिवसांत पुन्हा डाग पडणार, हे बहुतेक वेळा याच प्रश्नावर ठरतं.

ऑइलचा प्रवास

इंजिनाच्या तळाला ऑइलचं चेंबर असतं. लहान गाडीत त्यात साधारण तीन-साडेतीन लिटर ऑइल मावतं. पंप तिथून जाळीतून ऑइल ओढतो आणि फिल्टरमधून मुख्य वाहिनीत ढकलतो. पुढे ते क्रँकच्या बेअरिंगना, वर हेडमध्ये कॅमशाफ्टला आणि टर्बो असेल तर एका बारीक पोलादी पाइपातून टर्बोला जातं. इथपर्यंत सगळीकडे दाब आहे. इंजिन गरम होऊन आयडलिंगला असताना तो ढोबळमानाने एक बार असतो, वेग वाढवला की तीन ते पाच बारपर्यंत जातो. आपल्या टायरमधली हवा सव्वादोन बारच्या आसपास असते, म्हणजे हा दाब किरकोळ नाही.

परतीच्या वाटेवर मात्र पंपाचा काही संबंध नाही. हेडमधून, टर्बोमधून ऑइल आपल्या वजनानेच खाली चेंबरमध्ये येतं. टॅपेट कव्हर, चेंबरचं पॅकिंग, टर्बोची परतीची नळी ही सगळी बिनदाबाची बाजू.

दाबाच्या बाजूला सुईच्या टोकाएवढी फट असली तरी इंजिन चालू असताना ऑइलची बारीक धार उडते, आणि ती बाहेरून लावलेल्या कोणत्याही लांबीला जुमानत नाही. परतीच्या बाजूला नुसतं पाझरतं, ते साधं पॅकिंगही रोखून धरतं.

डाग कशाचा आहे?

फरशीवर डाग दिसला म्हणजे तो इंजिन ऑइलचाच असं नाही. रात्री गाडीखाली स्वच्छ पुठ्ठा अंतरा आणि त्यावर पुढच्या चाकांच्या जागा पेन्सिलीने खुणावून ठेवा. सकाळी रंग कळतो आणि ठिबकण्याची जागाही कळते. इंजिन ऑइल तपकिरी ते काळं असतं. लालसर आणि पातळ असेल तर पॉवर स्टीअरिंगचं किंवा ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं. हिरवं, गुलाबी आणि बोटाला किंचित चिकट लागणारं असेल तर कूलंट. एसी लावून आल्यावर पडणारं पाणी निव्वळ पाणी असतं, त्याच्याकडे दुर्लक्ष करा. चाकाच्या आतल्या बाजूने फिकट, बुळबुळीत काही ओघळत असेल तर ते बहुधा ब्रेक ऑइल. तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवा आणि गाडी हलवू नका.

किती गळतंय याचाही हिशेब करून बघावा. मिनिटाला एक थेंब पडत राहिला तर चोवीस तासांत १४४० थेंब, म्हणजे अंदाजे ५० ते ७० मिलिलिटर. डिपस्टिकवरच्या खालच्या आणि वरच्या खुणेत बहुतेक गाड्यांत लिटरच्या आसपास अंतर असतं. तेव्हा एवढी 'बारीक' गळतीही दोन-तीन आठवड्यांत ऑइल वरच्या खुणेवरून खालच्या खुणेवर आणू शकते. दुसरीकडे, दहा वर्षांच्या इंजिनाच्या सांध्यांवर नुसती ओलसर धूळ बसलेली असेल, थेंब धरत नसेल आणि पातळी हलत नसेल, तर मी त्या इंजिनाला हात लावणार नाही.

डॅशबोर्डवरच्या लाल दिव्याच्या भरवशावर राहणारे पुष्कळ आहेत. तो दिवा ऑइलची पातळी सांगत नाही, दाब सांगतो. तोही साधारण ०.३ ते ०.५ बारच्या खाली गेला तरच. म्हणजे दिवा लागेपर्यंत पंप हवा ओढायला लागलेला असतो.

आधी धुवा, मग बघा

गळती जिथे दिसते तिथे ती क्वचितच असते. ऑइल खाली ओघळतं, आणि गाडी धावताना वारा ते मागे ढकलतो. म्हणून नियम असा: सगळ्यात वरची आणि सगळ्यात पुढची ओली जागा शोधायची. खाली चेंबरच्या बोल्टवर लोंबणारा थेंब पुष्कळदा वर टॅपेट कव्हरमधून निघालेला असतो. मधल्या मध्ये चेंबरचं पॅकिंग बदललं जातं, आणि गळती तशीच राहते.

जुन्या इंजिनावर ऑइल आणि धुळीची काळी खरड चढलेली असते. तिच्यात काही दिसत नाही. इंजिन गार झाल्यावर डिग्रीझर आणि जुन्या ब्रशने संशयाची जागा घासून काढा, चिंधीने पुसा, वाळू द्या. अल्टरनेटर, इलेक्ट्रिक कनेक्टर आणि हवेच्या फिल्टरचं तोंड आधी प्लास्टिकच्या पिशवीने झाका. प्रेशरचं पाणी मारायचा मोह टाळा. पेट्रोलने इंजिन धुण्याची पद्धत अजूनही चालू आहे, ती तर सरळ बंदच केली पाहिजे. बॅटरीची एक ठिणगी पुरते.

कोरड्या जागेवर टाल्कम पावडर हलकी भुरभुरवा, इंजिन दहा मिनिटं आयडलिंगला चालवा आणि टॉर्च घेऊन बघा. पावडरीवर ऑइलची गडद रेघ जिथून सुरू होते, ते मूळ. पंखा आणि बेल्टच्या जवळ मात्र हात, ओढणी, सैल बाही जाऊ देऊ नका. तरीही सापडलं नाही तर ऑइलमध्ये घालायचा अतिनील रंग मिळतो. तो घालून एक-दोन दिवस गाडी चालवायची आणि अतिनील टॉर्चच्या उजेडात बघायचं, गळती पिवळी-हिरवी चमकते. पावसाळ्यात खालून सगळंच ओलं असतं, तेव्हा हाच मार्ग बरा.

टर्बोची लाइन आणि तांब्याचे वायसर

घरी जमण्यासारख्या कामांत हे सगळ्यात समाधान देणारं. आपल्याकडच्या डिझेल गाड्यांत याची गाठ पडतेच. २००७ साली स्विफ्टमध्ये आलेलं १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन मूळ फियाटचं. मारुतीखेरीज टाटा आणि फियाटच्या गाड्यांतही ते बसलं, आणि पुण्याजवळ रांजणगावला ते तयार होत होतं. २०२० साली बीएस-६ आलं तसं मारुतीने डिझेल गाड्या बंद केल्या. म्हणजे रस्त्यावर असलेल्या या गाड्या आता बऱ्यापैकी वयस्क आहेत, आणि सांधे पाझरायला लागायचं हेच वय.

टर्बोला ऑइल नेणाऱ्या पाइपाच्या टोकाला बहुधा गोल डोळा असतो. त्यातून एक पोकळ बोल्ट जातो, त्याला बँजो बोल्ट म्हणतात. ऑइल बोल्टच्या पोटातून आणि आडव्या भोकातून पाइपात शिरतं. डोळ्याच्या दोन्ही बाजूंना एकेक तांब्याचा वायसर असतो. तांबं मऊ असल्यामुळे आवळल्यावर ते दोन्ही पृष्ठांच्या बारीक ओरखड्यांत बसतं आणि सांधा बंद होतो. एकदा दाबलं गेलं की तांबं कठीण होतं. म्हणून पूर्वी कधी टर्बो उघडून जुनेच वायसर परत बसवले असतील, तर गळती तिथून सुरू होते.

इंजिन पूर्ण गार होऊ द्या. टर्बोच्या आसपासचे धातू तासाभरानंतरही हात भाजतात. बोल्टभोवतीची जागा आधी लख्ख करा, कारण उघडल्यावर आत पडलेला वाळूचा कण थेट टर्बोच्या बेअरिंगमध्ये जातो आणि तो शाफ्ट मिनिटाला लाखावर फेरे घेत असतो. हे काम मी स्वच्छतेचं काम म्हणूनच मोजतो, पान्याचं काम त्यात थोडं.

बोल्ट रिंग पान्याने किंवा गोटीने सोडा, ओपन पाना घसरून षट्कोनाचे कोपरे मारतो. बोल्ट बाहेर आल्यावर वायसर मोजा. दोन बसले होते तर दोन हातात आले पाहिजेत. एखादा बॉडीला चिकटून राहतो, काळा पडल्यामुळे दिसत नाही, आणि त्याच्यावर नवा चढवला की सांधा हमखास गळतो. नखाने पृष्ठभाग चाचपून बघा. काही इंजिनांत बँजो बोल्टच्या आत बारीक जाळी असते. ती कार्बनने बुजली असेल तर साफ करण्यापेक्षा बोल्ट बदलावा, नाहीतर टर्बो उपाशी राहील.

नवे वायसर त्याच आतल्या-बाहेरच्या मापाचे आणि जाडीचे घ्या. स्पेअर पार्टच्या दुकानात जुना वायसर नमुना म्हणून न्यावा. रविवारी दुकान बंद आणि गाडी उघडी, अशी पाळी आली तर जुना वायसर गॅसच्या ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवा आणि पाण्यात टाका. तांबं पुन्हा मऊ पडतं. वरचा काळा पापुद्रा बारीक पॉलिश पेपर सपाट काचेवर ठेवून घासून काढा. पोलादाला ही युक्ती लावू नका, तापवून पाण्यात टाकलेलं पोलाद उलट कडक होतं.

बसवताना बोल्ट आधी बोटांनी पूर्ण आत जाऊ द्या. आवळताना पाइप फिरायला बघतो, त्याला दुसऱ्या हाताने त्याच्या मूळ जागेवर धरून ठेवा. पिळलेला पाइप आज गळणार नाही, पण पुढे सांध्याजवळ तडकेल. आवळण्याचं माप गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं, टॉर्क पाना लावून तेवढंच द्या. पोकळ बोल्ट जोरात आवळला तर आडव्या भोकापाशी तुटतो, आणि अर्धा तुकडा आत राहतो. पाइप जोडण्याआधी टर्बोच्या भोकात सिरिंजने थोडं स्वच्छ ऑइल सोडावं. गाडी चालू केल्यावर मिनिट-दोन मिनिटं आयडलिंगलाच ठेवा, रेस देऊ नका.

टर्बोची परतीची नळी जाड असते आणि तिचं काम उतारावर चालतं. तिथलं पॅकिंग बदलताना सिलिकॉनचा ढीग लावला तर तो आत पसरून वाट अडवतो. मग ऑइल टर्बोत साठतं, सीलमधून एक्झॉस्टमध्ये जातं आणि निळा धूर निघतो. पुष्कळांना वाटतं टर्बो गेला.

ऑइल प्रेशर स्विच

फिल्टरच्या आसपास एक वायर लावलेला छोटा पितळी-प्लास्टिकचा स्विच असतो. त्याच्या पोटातला पडदा फाटला की ऑइल प्लास्टिकच्या टोकातून बाहेर येतं. कनेक्टर काढल्यावर आत ऑइल दिसलं तर दुसरा पुरावा शोधू नका, स्विच बदला. स्वस्त भाग आहे.

अनेक जपानी पद्धतीच्या इंजिनांत या स्विचचे आटे टोकाकडे निमुळते असतात, सील आट्यांवरच होतं. त्यामुळे तो शेवटपर्यंत आत जायला पाहिजे असा हट्ट धरला तर अॅल्युमिनियमची बॉडी तडकते. टेफ्लॉन टेप गुंडाळू नका. तिची चिंधी आत गेली तर ऑइलची बारीक वाट बंद करते, आणि एका वायरच्या स्विचला बॉडीतून मिळणारी अर्थिंगही बिघडू शकते. आट्यांवर लावायचं पातळ सीलंट, तेही पहिले एक-दोन आटे सोडून, पुरेसं आहे.

फिल्टर आणि ड्रेन प्लग

सर्व्हिसिंगनंतर दोन-चार दिवसांत गळती सुरू झाली तर आधी इथेच बघा. जुन्या फिल्टरची रबरी रिंग इंजिनालाच चिकटून राहिली आणि नवा फिल्टर तिच्यावर आवळला, की दोन रिंगा एकमेकींवर सरकतात आणि रस्त्यात सगळं ऑइल बाहेर पडतं. नव्या रिंगला ऑइलचं बोट लावा, रिंग टेकल्यावर हाताने पाऊण फेरा द्या, पान्याची गरज नाही.

ड्रेन प्लगला दर वेळी नवा वायसर हवा. चेंबर अॅल्युमिनियमचं असेल तर जोर लावणाऱ्या हातांनी आटे मारलेले असतात. मग सिलिकॉन भरून भागवण्यापेक्षा टर्नरकडून हेलिकॉइल, म्हणजे नव्या आट्यांची तारेची गुंडाळी, बसवून घ्यावी.

पाइपलाच भोक पडलं असेल तर

पोलादी पाइप आपोआप फुटत नाही. तो कशाला तरी घासत असतो, किंवा त्याचं ब्रॅकेट सुटलेलं असतं. मागच्या कामात पाइपाच्या पट्टीचा दहा नंबरचा बोल्ट कोणीतरी परत लावलाच नाही, एवढ्यावरून पाइप थरथरत राहतो आणि झाळलेल्या सांध्याजवळ केसाएवढी चीर पडते. पाइप बदला, पण तो बोल्टही लावा, नाहीतर नवा पाइप त्याच जागी जाईल.

भोकावर एम-सील लावून गाडी गॅरेजपर्यंत नेता येते का? चेंबरच्या पत्र्याला दगड लागून पाझरत असेल तर येते, तिथे दाब नाही. जागा खरडून कोरडी करावी लागते, एवढंच. दाबाच्या पाइपावर एम-सील, रबराची पट्टी, त्यावर क्लॅम्प हे सगळं टोइंगचे पैसे वाचवण्याचा खेळ आहे, आणि टर्बोजवळ तर हा खेळ आगीशी आहे. इंजिन ऑइलची वाफ दोनशे अंशांच्या वर पेट घेऊ शकते, आणि घाट चढून आलेला टर्बो त्यापेक्षा कितीतरी जास्त तापलेला असतो.

मूळ पाइप मिळत नसेल, गाडी जुनी असेल, तर एमआयडीसीच्या आसपास हायड्रॉलिक होज बनवून देणारी दुकानं असतात. जुना नमुना दिला की ते त्याच मापाचे फिटिंग क्रिम्प करून देतात. ऑइलचं तापमान आणि दाब त्यांना सांगा, आणि होज एक्झॉस्टपासून लांब बांधा.

रबरी होज

ब्रीदर (इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर नेणारी वाट), ऑइल कूलर, टर्बोची परतीची नळी यांत रबर असतं. टोकाला चीर पडली असेल आणि लांबीला सैलपणा असेल तर सेंटीमीटरभर कापून नवा क्लॅम्प लावता येतो. अंगावर चिरा असतील तर होज बदलायची. इथे एक चूक फार होते. हाताशी आहे म्हणून रेडिएटरच्या होजचा तुकडा बसवतात. ती होज ईपीडीएम रबराची असते, पाण्याला चांगली आणि ऑइलला एकदम नालायक. ऑइलमध्ये ती फुगते आणि मऊ पडते. ऑइलसाठीचीच, नायट्राइल रबराची होज मागून घ्या.

टॅपेट कव्हर आणि ब्रीदर

'लाइन लीकेज' म्हणून सांगितल्या जाणाऱ्या बहुतेक गळत्यांचं खरं उगमस्थान इंजिनाच्या वरचं हे झाकण असतं. त्याचं रबरी पॅकिंग उष्णतेने कडक होतं. कडक झालेलं रबर बोल्ट आवळून मऊ होत नाही, फक्त झाकण वाकतं. पॅकिंग बदला, खोबण पुसून घ्या, आणि बोल्ट मधून बाहेरच्या बाजूला थोडेथोडे आवळा. हे बोल्ट ८ ते १० न्यूटन-मीटरला बसतात, म्हणजे छोट्या पान्याने मनगटाचा जोर पुष्कळ झाला.

नवं पॅकिंग महिन्याभरात पुन्हा गळलं तर पॅकिंगवाल्याला शिव्या देण्याआधी ब्रीदरची नळी आणि पीसीव्ही व्हॉल्व्ह बघा. ते काजळीने बुजले की इंजिनाच्या पोटातला वायू दुसरी वाट शोधतो, आणि ती वाट तुमच्या सीलमधून जाते.

सिलिकॉन आणि बाटल्या

अॅनाबॉन्डसारख्या सिलिकॉनला माझा विरोध नाही. अनेक इंजिनांचं चेंबर कारखान्यातच सिलिकॉनवर बसवलेलं असतं. पण पृष्ठभाग ऑइलमुक्त हवा, थर तीन मिलिमीटरचा हवा आणि पूर्ण सुकायला साधारण चोवीस तास द्यायला हवेत. बाहेर जेवढं सिलिकॉन फुगून दिसतं तेवढंच आतही फुगलेलं असतं. ते तुटून पंपाच्या जाळीवर जाऊन बसतं. ऑइलमध्ये ओतायच्या 'लीक बंद' बाटल्या रबरी सील थोडे फुगवतात, थकलेल्या सीलला काही काळ उपयोग होतो. तांब्याच्या वायसरला किंवा चिरलेल्या पाइपाला त्यांचा काडीचा उपयोग नाही.

कुठे थांबायचं

इंजिन आणि गिअरबॉक्सच्या सांध्यातून थेंब पडत असेल तर मागचं क्रँक ऑइल सील गेलेलं असण्याची शक्यता आहे. त्यासाठी गिअरबॉक्स उतरवावा लागतो, आणि उशीर केला तर क्लचप्लेट ऑइलने भिजते. पुढच्या सीलमधून येणारं ऑइल टायमिंग बेल्टवर पडत असेल तर बेल्टही बदलायचा. ही दोन्ही कामं अंगणात करायची नाहीत. वॉरंटीतल्या गाडीला तर पाना लावूच नका. आणि गाडी नुसत्या जॅकवर असताना कोणत्याही कामासाठी खाली शिरायचं नाही. सपाट जमीन, मागच्या चाकांना दगड आणि बॉडीखाली घोडी, या तिन्ही गोष्टी असतील तरच शिरा.

काम झाल्यावर

ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा, त्याच्या वर नको. इंजिन चालू करून टॉर्चने सांधा बघा, दहा-पंधरा किलोमीटर फिरवून पुन्हा बघा, आणि शंभरेक किलोमीटरनंतर एकदा. पहिल्या आठवड्यात डिपस्टिक रोज सकाळी, गाडी सुरू करण्याआधी. चालताना लाल दिवा लागला तर 'पुढच्या पंपापर्यंत' असा विचार न करता गाडी बाजूला घेऊन इंजिन बंद करा.

उरलेलं जळकं ऑइल आपल्याकडे दाराच्या चौकटीला वाळवीसाठी फासतात, नाहीतर गटारात जातं. २०१६ च्या नियमांनुसार ते घातक कचऱ्यात मोडतं. डब्यात भरून झाकण लावा आणि ओळखीच्या गॅरेजला द्या. मोठी गॅरेजं पिंपात साठवून ते शुद्धीकरणासाठी विकतात, तुमचे दोन लिटरही ते घेतील.